घरघंटीची आडत

महिन्याची एक तारीख आली की आमच्या धुळ्याच्या घरात माझी हजेरी लागते. सकाळचा चहा संपतो, सासरे, म्हणजे आबा, चष्मा पुसतात आणि समोरच्या भिंतीकडे बघून विचारतात, "मग, त्या मोबाइलवरच्याचं काय?" भिंत उत्तर देत नाही, म्हणून मला द्यावं लागतं.

"मोबाइलवरचं" म्हणजे माझी वेबसाइट. मी घरघंटीवर लिहिते. घरात ठेवायची, विजेवर चालणारी छोटी पिठाची गिरणी. कोणती घ्यावी, मोटर किती ताकदीची असावी, बेसनाला कोणती जाळी लावावी, आवाज किती येतो, पीठ सांडतं का. लेखाच्या खाली दुवा असतो. त्यावरून जाऊन कुणी घंटी विकत घेतली की विकणारी कंपनी मला थोडं कमिशन देते. आमच्या स्वतःच्या घरात घरघंटी नाही. आमचं दळण कोपऱ्यावरच्या गिरणीत जातं आणि डबा घेऊन रांगेत मीच उभी राहते. "गिरणीच्या रांगेतून कायमची सुटका" या माझ्या लेखातल्या चुका मी त्याच रांगेत उभं राहून दुरुस्त केल्या आहेत.

मग एवढं लिहितेस कशाच्या जोरावर, असं विचारणारे असतातच. मी माहितीपत्रकं वाचते, घंटी असलेल्या बायकांना फोन करून पिडते, आणि जळगावला माझ्या मावशीकडे एक घंटी आहे, तिच्यात मी माहेरपणात गव्हापासून हळदीपर्यंत सगळं दळून पाहिलं आहे. हळदीनंतर मावशीच्या पोळ्या बरेच दिवस पिवळ्या होत होत्या. तिने मला परत घंटीला हात लावू दिला नाही. पण हळदीवरचा लेख चांगला झाला.

आबांची सगळी नोकरी धुळ्याच्या मार्केट यार्डात एका आडतीच्या दुकानात झाली. त्यामुळे घरात माझा धंदा सगळ्यात आधी कुणाला कळला असेल तर त्यांना. "म्हणजे आडत," ते म्हणाले. "माल एकाचा, गिऱ्हाईक दुसरं, मधे आपला टक्का." मला हायसं वाटलं. एवढं तर माझ्या नवऱ्यालाही कळलं नव्हतं. मग आबा म्हणाले, "पण आडत्याला माल दिसतो, गिऱ्हाईक दिसतं. तुला काय दिसतं?"

मला आलेख दिसतो. किती लोक आले, किती थांबले, किती जणांनी दुव्याला बोट लावलं, किती घंट्या गेल्या, त्यातल्या किती परत आल्या. उन्हाळ्यात लोक वर्षाचे गहू भरतात तेव्हा आलेख चढतो. जूनमध्ये लोक दप्तरं आणि छत्र्या घेतात, तेव्हा तो झोपतो. एका जूनमध्ये तर एकच खरेदी दिसली. माझा अडीच हजार शब्दांचा लेख वाचून कुणीतरी उंदराचा पिंजरा घेतला होता. दुव्यावरून गेलेल्याने काहीही घेतलं तरी कमिशन मिळतं; याचं पाच रुपयांच्याही आत होतं. पण एक तारखेला काही लपवायचं नाही असा माझा बाणा, म्हणून मी तेही आबांना सांगितलं. पुढचे कितीतरी महिने ते विचारायचे, "आणि पिंजऱ्याचं काय?"

अशा कमाईवर घरात आणखी काय होणार? आमच्या एका लांबच्या नातलगाची इंग्रजी शाळा आहे. माझं बी.एड. झालेलं. शाळेत पगार कागदावर एक आणि हातात दुसरा, पण हातातला तरी दर महिन्याला येतो. आबांनी त्यांना शब्द टाकून ठेवला आणि मला सांगितलं, "दिवाळीच्या महिन्यात दहा हजार दिसले तर तुझं तू कर. नाही दिसले तर शाळा." नवरा भुसावळला रेल्वेत, शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो, त्यामुळे या प्रकरणात त्याचं मत कुणी विचारलं नाही. त्यानेही दिलं नाही.

मी लग्नाआधी जळगावला एक वर्ष अशा शाळेत काढलं होतं. मला परत तिकडे जायचं नव्हतं. हे काम लहान असेल, हास्यास्पदही असेल, पण ते मी एकटीने उभं केलं होतं आणि मला ते सोडायचं नव्हतं. दहा हजारांचा आकडा मला पैशांसाठी नको होता. कुणीतरी "कर" म्हणावं म्हणून हवा होता.

कंपनी गिऱ्हाइकाचं नाव सांगत नाही. कोण कुठून वाचतंय हे साधारण कळतं, तेही धड नाही. मोबाइलवरून वाचणाऱ्यांना तो नकाशा हमखास मुंबईला नाहीतर इंदूरला नेऊन बसवतो. पण पावसाळ्यात मला नकाशावर धुळं दिसायला लागलं. रोज दुपारी, जेवणं झाल्यावर, धुळ्याचं एक माणूस यायचं आणि निवांत वाचत बसायचं. इतर लोक अर्ध्या मिनिटात पळतात. हे माणूस जुने लेख उघडायचं, शेवटपर्यंत जायचं. मी मनाशी ठरवून टाकलं की ही धुळ्याच्याच देवपूर भागातली कुणीतरी बाई आहे, मुलं शाळेत गेलीत, भांडी झालीत, आणि तिला माझ्यासारखंच एकटीने काहीतरी करायचंय. तिच्यासाठी म्हणून मी एक लेख लिहिला: कळणाच्या भाकरीसाठी ज्वारी आणि उडीद एकत्र दळावे कसे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळण म्हणजे काय हेही माहीत नसतं, पण मला पर्वा नव्हती. माझी देवपूरवाली वाचेल, एवढं पुरे होतं.

नवरात्र झालं आणि घंट्या जायला लागल्या. आधी एक, मग एका दिवशी दोन, आणि मोठ्या, महागातल्या. कोजागिरीपर्यंत माझा आलेख असा उभा राहिला की मला दर तासाला उघडून बघितल्याशिवाय चैन पडेना. वसुबारसेला दहा हजार ओलांडले. मी चकलीचा सोऱ्या हातात घेऊन स्वयंपाकघरातून ओरडले. सासूबाईंना, अक्कांना, वाटलं तेल अंगावर उडालं.

आबा भिंतीकडे बघत म्हणाले, "दहा दिसले?"

"अकरा."

"मग ठीक," एवढंच बोलले आणि त्यांनी आणखी एक चकली घेतली. आबांना चकली बाधते, तरी घेतली. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीने लावला.

यशाने माणूस शहाणा होतो असं म्हणणाऱ्यांनी तेव्हा मला बघायला हवं होतं. माझ्यासारख्याच वेबसाइटी चालवणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. तिथे मी लांबलचक उपदेश लिहिला: मातीशी नातं ठेवा, आपल्या भागातले पदार्थ लिहा, वाचक आपोआप येतो. कळणाच्या लेखाचा दाखला दिला. पुष्कळांनी हात जोडले. औरंगाबादच्या एकाने तर फोन करून मार्गदर्शन मागितलं आणि मी ते दिलं.

कंपनी कमिशन लगेच देत नाही. घंटी परत येत नाही ना, हे बघायला पैसे कित्येक महिने अडकवून ठेवते. तुळशीचं लग्न झालं आणि कंपनीचं पत्र आलं. तुमचं खातं बंद करण्यात येत आहे. या महिन्यातल्या बहुतेक घंट्या एकाच गिऱ्हाइकाच्या खात्यावरून गेल्या आहेत आणि ते गिऱ्हाईक तुमच्याच घरच्या इंटरनेटवरून खरेदी करतं. स्वतःच्या, घरच्यांच्या किंवा नातेवाइकांच्या खरेदीवर कमिशन मिळत नाही, हे तुम्ही नियमात वाचलंच असेल. साठलेली रक्कम रद्द.

मी अर्थातच नवऱ्याला फोन केला आणि भरपूर बोलले. तो म्हणाला, "मला दुवा कुठे असतो तेच माहीत नाही." हे पटण्यासारखं होतं.

त्याच आठवड्यात सोनगीरला चुलत सासूबाईंकडे साखरपुडा होता. मी आणि अक्का गेलो. ओसरीतून आत शिरले आणि समोर घरघंटी. नवी कोरी, अंगावर विणलेलं कापड, कपाळाच्या जागी हळदकुंकू. मी तिला माझ्या एका लेखातल्या फोटोवरून ओळखलं.

चुलत सासूबाई कौतुकाने अहिराणीत म्हणाल्या, "तुन्हा सासरासना फोन उना व्हता. म्हने, मन्ही सूननं दुकान शे, तठूनच ल्या. आम्ही पैसा दिना, बाकी बठ्ठं त्यासनीच करं. साक्रीवालासनी बी लिधी."

म्हणजे आबांनीच फोन करून "माझ्या सुनेचं दुकान आहे, तिथूनच घ्या" असं सांगितलं होतं, पैसे यांचे आणि बाकी सगळं आबांचं, आणि साक्रीच्या नातलगांनी पण घेतली होती. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या मावससासूबाईंनीही. सगळ्यांची मागणी आबांच्या मोबाइलवरून, आबांच्या नंबरवर, आमच्या घरात बसून. का, तर "आमले मोबाइलमधलं समजत नही." पंगतीत वरण-बट्टी होती, मी ती ताटात नुसती चिवडत बसले. अक्का मात्र म्हणाल्या की बट्टी छान झालीये.

घरी आले तर आबा पलंगावर पेपर वाचत होते. मी उभ्या उभ्याच विचारलं. ते जरासुद्धा कचरले नाहीत.

"मग? चोरी केली का मी? आडतीचं दुकान टाकलं की पहिला माल भाऊकीचा येतो. भाऊकीनेच पाठ फिरवली तर दुकानदाराने यार्डात तोंड कसं दाखवायचं? तुझ्याकडे आपलं कुणीच येईना. मला लाज वाटत होती. आणि कुणाच्या गळ्यात मारली नाही मी. ज्यांना हवी होती त्यांनाच दिली. साक्रीची वहिनी मोठ्या मोटरीवर अडून बसली होती. मी तिला सांगितलं, चार माणसांच्या घराला एक हॉर्सपॉवर पुरते, उगाच मोठी मोटर घेऊन विजेचं बिल वाढवू नका."

ते वाक्य माझं होतं. जसंच्या तसं, "उगाच" सकट. माझी देवपूरवाली बाई समोर पलंगावर बसली होती आणि तिला मिश्या होत्या.

मी खाली बसले. मग कंपनीचा नियम त्यांना मराठीत सांगितला. त्यांनी तो दोनदा सांगायला लावला.

"म्हणजे अनोळखी माणसाने घेतलं तर खरं, आणि आपल्या माणसाने घेतलं तर खोटं?"

"हो."

"मग या कंपनीवाल्यांना भाऊकी नाही का?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी फार कडू बोलले. अट तुम्हीच घातली, ती पुरी पण तुम्हीच केली, आणि मधल्यामधे माझं होतं नव्हतं तेही घालवलंत. उन्हाळ्याचे, पावसाळ्याचे, पिंजऱ्याचे का असेनात, ते पैसे माझे होते. आबांनी पेपरची घडी घातली, उलगडली, परत घातली. यार्डात आयुष्यभर हमरीतुमरीत काढलेला माणूस पेपरच्या घड्या घालत बसला हे मला जास्त झोंबलं.

मी कंपनीला विनवणीचं पत्र लिहिलं. चुलत सासरे, मावससासू, साडू, व्याही, यांना इंग्रजीत कसं मांडावं ते कळेना. साक्री ते भुसावळ या पट्ट्यात आमचं नातं नाही असं घर शोधावं लागतं, हेही लिहिलं आणि खोडलं. कंपनीने फार सभ्य भाषेत नाही म्हटलं आणि शेवटी आभार मानले.

एक तारीख आली. चहा झाला, आबांनी चष्मा पुसला आणि काही विचारलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच. मी आदल्या दिवशीच बी.एड.ची प्रमाणपत्रं काढून ठेवली होती, एक साधी साडी इस्त्री केली होती. दहा हजार खरे नव्हते, म्हणजे शब्द शब्दाच्या जागी होता. मी तसं सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात शाळावाल्यांचा फोन आला. दिवाळी झाली, सूनबाईंचं काय ठरलं?

आबा शाळावाल्यांशी नेहमी पुस्तकी मराठीत बोलतात. तेव्हाही तसंच बोलले. "नाही, ती येणार नाही. पगाराचा प्रश्न नाही हो. तिच्या धंद्यात माझ्यामुळे खोट आली आहे. ती भरून निघेपर्यंत मी तिला कुठेही पाठवणार नाही." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "धंदाच," आबा म्हणाले. "दुसरं काय म्हणणार त्याला?"

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. भिंतीकडे नाही, माझ्याकडे. "दुसरी कंपनी असेल ना एखादी? नवं खातं कोणाच्या नावावर काढतेस ते बघ. मन्हा नाववर नको. मी आते बदनाम शे."

अक्का कोपऱ्यात ज्वारी निवडत होत्या. त्यांच्यासमोरच मला रडू कोसळलं, आणि आबांनी घाईघाईने पेपर उघडला.