जत्रेतली उडी

कौतुक करावं तर ज्याचं करतोय त्याला बरं वाटेल असं करावं. आमच्या गावाला ते कधी जमलं नाही. आमच्याकडं कौतुक म्हणजे हलगी, गुलाल आणि लाऊडस्पीकर. ज्याचं कौतुक चाललंय त्याला काय वाटतंय, हे विचारायची पद्धतच नाही. थंडीत माझा डावा घोटा ठणकायला लागला की मी ह्या कौतुकाला शिव्या घालते. मनातल्या मनात नाही, चांगल्या मोठ्यानं घालते. घरातल्यांना आता सवय झालीय.

आमची वस्ती निरवांगीच्या जवळची. आजोबा मेंढरं राखायचे. वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, मेंढरं मोडून ऊस लावला आणि ट्रॅक्टर घेतला. हंगामात ते उसाच्या ट्रॉल्या घेऊन वालचंदनगरच्या साखर कारखान्याला निघायचे आणि मी मडगार्डवर बसून तिथल्या शाळेत जायची. शाळेत खेळाला पुण्याकडच्या एक बाई होत्या. पाचवीत असताना त्यांनी मला मैदानाकडेच्या लिंबाला उलटी लोंबकळताना बघितलं. मला वाटलं आता छड्या बसणार. बाईंनी खाली उतरवलं, खांदे चाचपले, मनगटं वाकवून बघितली आणि उद्यापासून तास सुटल्यावर हॉलमध्ये यायचं म्हणून सांगितलं.

हॉलमध्ये फाटक्या गाद्या होत्या, लोखंडी बार होते आणि एक बीम होता. बीम म्हणजे लांबलचक लाकडी तुळई, वीतभरही रुंद नाही. तिच्यावर चालायचं, वळायचं, कोलांटी घ्यायची. मी इतक्यांदा पडले की आई मला अंघोळ घालताना काळेनिळे डाग बघून बाईंचा उद्धार करायची. पण मला त्या हॉलचं वेड लागलं होतं. एकदा बाईंनी आपल्या घरी टीव्हीवर परदेशातल्या मुली दाखवल्या. त्यातली हंगेरीची एक पोर माझ्याएवढीच दिसत होती. धावत आली, हवेत फिरली आणि खुंटा ठोकावा तशी जमिनीवर उभी राहिली. बाई म्हणाल्या, उडी काय कुणीही मारील, उतरल्यावर पाय हलता कामा नये. मला तेच पाहिजे होतं. हंगेरी कुठं आहे ते माहीत नव्हतं, पण तसं उभं राहायला पाहिजे होतं.

गावात मात्र चघळायला चांगला विषय झाला होता. मेंढक्याची नात चड्डीवर उड्या मारती, असं पारावर बसलेली रिकामटेकडी मंडळी तात्यांना ऐकू जाईल असं बोलायची. थोरले चुलते तर घरी येऊन बसले, पोरीला कोण पदरात घेणार म्हणून. तात्यांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. माझ्यासाठी तात्यांनी पुष्कळ ऐकून घेतलं, हे मी नाकारत नाही. फक्त ते त्यांच्या पोटात साठत होतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

आठवीत असताना बारामतीला जिम्नॅस्टिक्सची निवड स्पर्धा झाली आणि मी पहिली आले. मे महिन्यात पुण्याला राज्याची स्पर्धा होती. तिथं नाव निघालं तर पुण्यातच राहून शिकायची सोय होईल, असं बाई म्हणाल्या होत्या. मला दुसरं काही दिसेना. बाईंनी बजावलं की आता हॉल सोडून कुठंही उडी मारायची नाही, शेताच्या बांधावरून पळायचंसुद्धा नाही. मी वरातीतल्या नवरीसारखी जपून चालायची.

आणि मधेच गावची जत्रा आली.

आमच्या जत्रेत दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड असतो. जत्रा कमिटीतल्या लोकांनी, ह्याच पारावरच्या लोकांनी, तात्यांना गाठलं. पोरगी बारामतीत पहिली आली म्हणजे गावाचं नाव झालं, आता देवापुढं एकदा तिची करामत झाली पाहिजे. आमच्याकडं असंच असतं. बाहेर नाव काढायला जायच्या आधी आपली कला देवापुढं दाखवायची, मग तो पैलवान असो नाहीतर हलगीवाला. तात्यांना तर आभाळ ठेंगणं झालं. ज्यांनी तोंडं वाजवली त्यांच्याच तोंडून आता शाबासकी घ्यायची होती. त्यांनी मला न विचारता हो म्हटलं आणि गाडीला भोंगा लावून ते गावभर पुकारलंही गेलं.

मी सांगितलं की बाई नको म्हणाल्यात. आईनंही सांगून बघितलं. तात्या म्हणाले, बाईंना काय कळवायची गरज न्हाय, एकच तर उडी हाय. मग त्यांनी मला आखाड्यावर नेलं आणि हौसेनं माती दाखवली. सगळा आखाडा नव्यानं खणला होता. तात्यांनी स्वतःच्या ट्रॅक्टरनं ओढ्याकडची तांबडी माती आणून ओतली होती, चाळून घेतली होती, तीत ताक आणि हळद कालवली होती. पैलवानाला लागू नये म्हणून असंच करतात. हात घातला तर मनगटापर्यंत आत जायचा.

"तुझ्यासाठी दुप्पट टाकलीया," तात्या म्हणाले. "पडलीस तरी लागायचं न्हाय."

"तात्या, मला पडायचं न्हाय. मला उतरून उभं राहायचंय."

ते हसले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. सगळ्या गावात एकाच्याही डोक्यात आलं नाही, की कुस्ती पडण्याची असते म्हणून तिला मऊ माती लागते आणि उडी उतरण्याची असते म्हणून तिला खालून आधार लागतो. एवढे वस्ताद, एवढे जुनेजाणते, सगळ्यांनी मिळून माझी काळजी घेतली होती.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी फडात माणूस मावत नव्हतं. झाडांवर पोरं, ट्रॉल्यांवर बाया. हलगी कडाडायला लागली. मी पळाले तेव्हाच कळलं की पाय रुततायत, जोर येत नाहीय. थांबायला पाहिजे होतं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या हलगीपुढं उभं राहून बघावं. मी हात टेकून पलटी घेतली आणि मागं उडी मारली. डावा पाय आधी टेकला आणि घोट्यापर्यंत आत गेला. अंग अजून फिरत होतं, पाय फिरला नाही. चिपाड मोडल्यासारखा आवाज झाला आणि मी खाली बसले. लोकांना वाटलं शेवट असाच असतो. त्यांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, कुणीतरी माझ्यावर गुलाल टाकला. मी तात्यांना हाका मारत होते आणि तात्या लोकांकडं बघून हात जोडत होते.

पुढं जे झालं त्याचा मला पडण्यापेक्षा जास्त राग आहे. पैलवानांची हाडं बसवणारा गावचा एक म्हातारा वस्ताद तिथंच होता. चौघांनी मला धरलं, त्यानं पाय ओढला, लेप लावला आणि बांबूच्या कामट्या बांधल्या. मी नंतर किती ओरडले तरी पट्टी सोडायची नाही, सोडली की हाड सरकतं, असं त्यानं सांगितलं. बाईंना कळलं तशा त्या एसटीनं आमच्या वस्तीवर आल्या. बारामतीला नेऊ, हाडाचा फोटो काढू, अजून वेळ गेली नाही, असं त्या तात्यांना काकुळतीला येऊन सांगत होत्या. चुलते मधे पडले. इतक्या पैलवानांचे हात-पाय जोडणाऱ्यापेक्षा ह्या बाईला जास्त कळतं काय, म्हणाले. तात्या खाली मान घालून बसले. गावाच्या वस्तादावर अविश्वास दाखवायचा, तेही गावानं कौतुक केलेल्या दिवसानंतर, हे त्यांच्यानं झालं नाही. बाई जाताना माझ्याजवळ बसल्या. मला म्हणावंसं वाटत होतं की मला उचलून घेऊन जा.

पट्टी सुटली तेव्हा पाऊल आत वळलेलं होतं. मग नेलं बारामतीला. डॉक्टर म्हणाले, हाड वाकडं जुळलंय, पुन्हा मोडून बसवावं लागेल, तरी उड्या विसरा. पुन्हा मोडायचं म्हटल्यावर तात्या मला उचलून बाहेरच घेऊन आले. मे महिन्यात माझ्या जागी वालचंदनगरच्या कारखान्याच्या कॉलनीतली दुसरी मुलगी पुण्याला गेली. त्या दिवशी आम्ही वाळवणं घालत होतो. मी कुरडया घालत होते आणि आता ती कुठं पोचली असेल, आता बीमवर चढली असेल, असं मनात चाललं होतं. मला तिचा इतका मत्सर वाटला की मी अख्खं ताट पालथं केलं. आईनं मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

बारावी झाल्यावर इंदापूरकडचं एक स्थळ आलं. तात्यांनी त्यांना पायाचं काही कळवलं नव्हतं. पोहे झाले, नाव, शिक्षण, स्वयंपाक विचारून झाला, आणि मुलाची आत्या म्हणाली, जरा चालून दाखव, बाळ. तात्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी ठरवलं होतं की लंगडतच चालायचं, होऊ दे ह्यांची शोभा. पण उठले, समोर माणसं बघत बसलेली दिसली आणि पाठ आपोआप ताठ झाली. बीमवर चालतात तसं, आधी बोटं टेकवायची, मग टाच, कंबर हलू द्यायची नाही, नजर समोर. घोट्यातून कळ डोक्यापर्यंत गेली, पण मी दारापर्यंत गेले, वळले, परत आले आणि उभी राहिले. पाय हलला नाही. आत्याबाईंनी मान डोलवली, तिथंच सुपारी फुटली.

पाहुण्यांना वाटेला लावून तात्या परत आले. मी स्वयंपाकघरात पाय पसरून बसले होते, घोटा टम्म सुजला होता. ते माझ्या शेजारी जमिनीवर टेकले. डोळे पाणावले होते.

"बाईंनी शिकवल्यालं वाया न्हाय गेलं बघ," ते म्हणाले.

ते मनापासून बोलत होते. तेवढंच मला आजपर्यंत सोसलेलं नाही.