काकांच्या टेबलावरचा स्कोप

जुनं मशीन घेण्याआधी काका त्याचा वास घ्यायचे. मागच्या जाळीला नाक लावायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "ह्याचं पोट साफ हाय." नाहीतर, "ट्रान्सफॉर्मर जळलाय, राहू द्या." तुम्ही म्हणाल, वासावरून काय कळतं? मीही तेच म्हणायचो. पण त्यांना बिलकुल बराबर कळायचं, आणि तिथंच माझं डोकं फिरायचं.

जुन्या जालन्यात त्यांचं आणि माझं दुकान एकाच गल्लीत. धंदाही एकच, कारखान्यांतली इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करायचा. तपासणीची यंत्रं नवी घेणं आम्हाला परवडत नाही. कारखान्यांनी मोडीत काढलेली भंगारवाल्याकडून उचलायची. तिथला रिवाज असा, की ज्याचा रुमाल आधी मशीनवर पडला, माल त्याचा. काकांचा रुमाल कायम आधी पडलेला!

एकदा ऑसिलोस्कोप आल्याचं कळलं. विजेची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र. कित्येक वर्षं माझा जीव त्यात अडकलेला. ताटावरून उठून पळालो, तर काका तिथं आधीच हजर, रुमालानं मान पुसत. कोपऱ्यातला एक सिग्नल जनरेटर, म्हणजे तपासणीसाठी तशी लहर तयार करणारा डबा, दाखवून हळूच म्हणाले, "हा सोडू नको. असा माल पुन्हा न्हाई यायचा."

मी हावरटासारखा धावलो आणि त्यावर रुमाल टाकला. वळून बघतो तर काकांचा रुमाल स्कोपवर! दुकानात येऊन माझा जनरेटर उघडला. आत उंदरानं संसार मांडलेला.

"काका, हे बरं केलं न्हाई तुम्ही."

"मंग वास का न्हाई घेतला?"

तेव्हापासून अडलेलं कार्ड स्कोपवर तपासायला मला रोज दुपारी त्यांच्याकडं जावं लागायचं. ते चहा सांगायचे, खुर्ची पुसून द्यायचे. पडद्यावर ती हिरवी रेघ काय देखणी दिसायची! माझ्या छातीत नुसती आग. गिऱ्हाईकंही बघायची, मी कुणाच्या दारात जातो ते.

"विका ना मला," मी म्हणायचो.

"तुला इकला तर तू कशाला येशील इकडं?"

लबाड म्हातारा, मी मनात म्हणायचो. बायको गेल्यापासून ते एकटेच होते, पण आपल्याला तेव्हा स्कोपशिवाय काही दिसतच नव्हतं.

यंदा हिवाळ्यात काका गेले. टेंभुर्णीला दिलेली त्यांची मुलगी दुकान आवरायला आली. "अण्णा सांगून गेल्ते, स्कोप तुम्हालाच द्यायचा," ती म्हणाली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तिचा विचार बदलायच्या आत मी तो छातीशी धरून माझ्या दुकानाच्या वाटेला लागलो. माझ्या टेबलावर मांडला, पुसला, आल्यागेल्याला दाखवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक कार्ड अडलं. ते उचललं, चपला घातल्या आणि गल्लीत निघालो. काकांच्या बंद शटरपाशी पोचल्यावर लक्षात आलं, स्कोप तर माझ्याच टेबलावर आहे.