गोधडीतला खिसा

गोधडीवाली माय डोळे मिटून टाके वाचायची. कुणाचीही गोधडी तिच्या मांडीवर टाकावी, तिनं बोटं फिरवावीत आणि सांगावं, "हे दोघीनं शिवली. एकीले लय घाई होती." आणि ते खरं निघायचं. अमरावतीत आमच्या शेजारच्या खोलीत ती एकटी राहायची आणि लोकांच्या जुन्या लुगड्यांच्या, धोतरांच्या गोधड्या हातानं शिवून द्यायची. तिचं खरं नाव मला ती गेल्यावर कळलं.

शिवून झालेल्या प्रत्येक गोधडीचा एक कोपरा ती अंगठा जाईल एवढा उघडा ठेवायची. एखादी बाई कुरकुरली की म्हणायची, "राहू दे वं. सारं बंद केलं का जीव घाबरते." कुणाचा जीव, हे विचारायची बिशाद कुणाची नव्हती.

मी तेव्हा मॅट्रिकला होते. बाबांनी कुणाकडून तरी जुनी मशीन आणली होती आणि शिवणाच्या क्लासला जाऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते. घरातला एकही अभ्रा, पडद्याची एकही कड माझ्या तडाख्यातून सुटली नव्हती. दसरा झाला आणि माय बहिणीकडे अंजनगावला गेली. जाताना आईकडे किल्ली देऊन म्हणाली, "माही गोधडी उन्हात घालजा."

उन्हात पसरल्यावर मला दिसलं, गोधडीच्या मधोमध वीतभर शिवण उघडी आहे. माझ्या हुशारीला तेवढं पुरे झालं. दुसऱ्यांच्या गोधड्या शिवते आणि स्वतःची फाटकी पांघरते, म्हटलं चला, मायला खूश करू. ते जाड थर कसेबसे मशीनखाली कोंबून मी आडव्या-उभ्या सरळ रेघा मारल्या. मधल्या जागी काहीतरी टणक लागलं आणि खट्‌कन सुई मोडली. टोक शोधलं, सापडलं नाही. बाबा मशीनला हात लावू देणार नाहीत या भीतीनं मी गुपचूप नवी सुई लावली आणि शिवण पुरी केली.

माय परत आली तेव्हा आईनं कौतुकानं गोधडी तिच्यापुढे पसरली. "पोरीनं मशीन मारून दिली माय, पाहा कशी मजबूत झाली." मायचा हात गोधडीच्या मध्यावर गेला आणि थांबला. मग तो तिथल्या तिथेच फिरत राहिला, रोजचं दार सापडत नसल्यासारखा. तोंडानं एवढंच म्हणाली, "हो. लय मजबूत झाली."

माय गोधडी घेऊन तिच्या खोलीत गेल्यावर आईला आठवलं आणि तिनं कपाळावर हात मारला. मायची एकुलती मुलगी शांती सातव्या वर्षी तापानं गेली होती. पोरांसारखा खिसा पाहिजे म्हणून हट्ट करून तिनं फ्रॉकला खिसा लावून घेतला होता आणि त्यात सदा चिंचोके भरलेले असायचे. तो फ्रॉक चिंचोक्यांसकट गोधडीच्या पोटात होता. मधली शिवण फाटलेली नव्हती, ते खिशाचं तोंड होतं. माय तिथे हात घालून झोपायची.

दुसऱ्या दिवसापासून मायनं अंगणात बसून माझे टाके उसवायला घेतले. मी जाऊन शेजारी बसले. तिनं बाभळीचा एक काटा माझ्या हाती दिला. "ओढू नोको. ओढलं का कापड फाटते. काट्यानं टाका उचल, मंग काप. मशीनीचा टाका दोघाईचा असते, वरचा सुटला का खालचा आपसूक निगते." रागावलीस का, असं मी विचारलं तर म्हणाली, "तुले का मालूम होतं?" फक्त मधल्या जागेला तिनं मला हात लावू दिला नाही.

त्या जागेतच सुईचं टोक होतं. मी रोज ठरवायची, आज सांगू. माय, सुई मोडली होती, एवढंच तर वाक्य. पण रोज ते उद्यावर जायचं आणि मी पुढचा टाका उचलायची.

एका दुपारी गेले तर मधली शिवण उसवून झाली होती आणि मायच्या बोटाला हळद लावून चिंधी बांधली होती. काय झालं, विचारलं. माझ्याकडे बराच वेळ पाहून ती म्हणाली, "काटा रुतला." मी विश्वास ठेवला. म्हणजे ठेवून घेतला. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं, आणि त्याची आज लाज वाटते.

टाके सगळे निघाले, पण भोकं राहिली. गोधडी उजेडात धरली की माझ्या सगळ्या रेघा जशाच्या तशा दिसायच्या. धुतली असती तर कदाचित बुजली असती, पण ती गोधडी माय कधी धूत नव्हती.

पुढे माझं लग्न झालं, सासर अकोल्याचं. माय मोटार स्टँडवर आली होती. मी खिडकीशी बसल्यावर तिनं चिंधीची एक बारीकशी गाठ माझ्या मुठीत दिली. "हे तुहं माह्यापाशी राहून गेलं होतं." मी गाठ चाचपली, बोटाला टोक लागलं आणि आत काय आहे ते कळलं. मान वर करायची हिंमत होईना. माय हलक्या आवाजात म्हणाली, "मी वाट पाहून राहिली होती, पोरी. तू सांगशीन म्हनून." गाडी सुटली तेव्हा मी ती गाठ पदराच्या टोकाला बांधत होते.

दोन वर्षांनी आईचं पत्र आलं. माय गेली, आणि रिवाजाप्रमाणे तिचं अंथरूण-पांघरूण तिच्याबरोबर गेलं. शांतीचा खिसाही गेला.

गाठ माझ्याकडे आहे, अजून सोडलेली नाही. दसऱ्यानंतर गोधड्या उन्हात घालते तेव्हा अंगणात कुणी नाही असं पाहून मी मोठ्यानं म्हणते, "माय, सुई मोडली होती वं."