भाविकाने फुलवर ठोकलेला पोर्ट

काशीबाईंचा अंगठा मशीनने घेतला, हिरवा दिवा लागला आणि तिथेच गाडी अडली. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. मागे भिंतीला टेकून बसलेल्या बायका उठून डोकावू लागल्या.

“माझ्या अंगठ्यावं रेघा नाय उरल्या गो,” काशीबाई बोट पदराला पुसत म्हणाल्या. “मिठागरात झिजल्या सगल्या.”

“अंगठा झकास हाय, काकी. लाईन मेलीय. तुमी कशाला सोताला दोष देता?” सेवा केंद्र चालवणाऱ्या भाविकाने टेबलावर हात आपटला. कीबोर्ड उडाला, पण चक्र काही थांबलं नाही.

हे रोजचंच झालं होतं. सकाळी दार उघडलं की पहिल्या एकदोघांची कामं सुरळीत व्हायची. रांग लागली, दोन्ही कॉम्प्युटर आणि अंगठ्याचं मशीन एकदम चालू झालं, की लाईन गुदमरायची. रांग कंटाळून घरी गेली की परत लाईन टुणटुणीत. जणू तिला माणसांचाच कंटाळा.

खारकोंड गाव पेण तालुक्यातलं, पण पेण काही गावाच्या उंबऱ्यात नाही. बांधावरून नाक्यापर्यंत चालायचं आणि तिथे मिनीडोअर रिक्षा भरेपर्यंत ताटकळायचं. म्हातारीकोतारी माणसं हे दर वेळी कुठून करणार? म्हणून भाविकाने ग्रामपंचायतीच्या मागे लागून शेजारची पडीक खोली मिळवली, सेवा केंद्राचा परवाना काढला, भिंतींना चुना स्वतः मारला. पेन्शन, रेशन, सातबारा, पोरांचे दाखले, सगळं त्या एका खोलीत आलं. आता तीच खोली जायची वेळ आली होती. सरपंच गुणाजींनी ग्रामसभेपुढे ठराव ठेवला होता: गावातल्या लाईनला लोकांचा भार सोसत नाही, सबब केंद्र नाक्यावर हलवावं. नाक्यावर गुणाजींच्या भाच्याचा गाळा रिकामा पडला होता, हे ठरावात लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती.

“नाक्याव?” काशीबाईंनी ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “मंग मी अंगठा कापून देते, गुणाजी. तूच दर महिन्याला घेऊन जा नि लाव.”

भाविकाचा बाप हिरामणही मिठागरातलाच. पोरगी बारावी झाली आणि डोलवीच्या बाजूला एका ठेकेदाराकडे वायरी ओढायच्या कामाला लागली. तिला ठेवली होती शिडी धरायला. शिडी धरता धरता ती वर काय चाललंय ते बघत राहिली, जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर व्हिडिओ लावून तेच पुन्हा बघत राहिली. एक दिवस मुकादमाने सांगितलं, बायकांनी राउटरला हात लावायचा नाही. तिने शिडी उचलून त्याच्या हातात दिली. “धर मंग तूच,” म्हणाली आणि घरी आली. त्यानंतर तिने कुणाची शिडी धरली नाही.

त्या कामातून तिने एक खोड मात्र बरोबर आणली. खाडीकाठच्या सगळ्या वायरमन लोकांना ती असते. इंटरनेटच्या दोन डब्यांमध्ये वायर लावली की दोन्हीकडचे पोर्ट, म्हणजे वायर बसते ती तोंडं, आपापसांत बोलून ठरवतात: वेग किती ठेवायचा, आणि दोघांनी एकाच वेळी बोलायचं की पाळीपाळीने. एकाच वेळी म्हणजे फुल डुप्लेक्स, पाळीपाळीने म्हणजे हाफ. हे ठरवणं मशीनवर सोडलं तर त्याला ऑटो म्हणतात. पण खारी हवा वायरीच्या टोकाचे कनेक्टर खाते, तांबं हिरवं पडतं आणि त्या दोघांचं बोलणंच नीट होत नाही. लाईन सारखी पडते, उठते, पडते. म्हणून इकडचे लोक ऑटोच्या भानगडीत पडत नाहीत. हाताने शंभरचा वेग घालायचा, हाताने फुल घालायचं, मोकळं व्हायचं. ह्याला म्हणायचं ठोकणं.

भाविकानेही ठोकलं होतं. फायबर यायची पंचायतीच्या ऑफिसात, तिथल्या इंटरनेट कंपनीच्या डब्यातून पागोळीखालून वायर तिच्या राउटरला. पागोळीखालची वायर बदला म्हणून ती कंपनीला फोन करून थकली. शेवटी तिने दोन्ही टोकं, कंपनीच्या डब्यातलं आणि आपल्या राउटरचं, ठोकून टाकली आणि लाईन सुतासारखी सरळ झाली. गावाने वाहवा केली. पुढे उन्हाळ्यात कंपनीने पंचायतीतला जुना डबा नेऊन नवा बसवला. नवा डबा तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. पण आपण ठोकलंय म्हणजे ठोकलंय, त्यात आता बघायचं काय!

तक्रार केली की कंपनीचा माणूस यायचा दुपारी, केंद्र बंद असताना. लाईन तपासायचा, “ओके आहे” म्हणायचा, जायचा. म्हणून ग्रामसभा तोंडावर आल्यावर भाविका पेणहून सकाळची गाडी पकडून थेट रोह्याला कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसली.

“तुमची तक्रार बंद झालीय, मॅडम,” काउंटरवरचा म्हणाला.

“कुणी बंद केली? मी तर अजून तोंड उघडं ठेवून हाय.”

आतून शौनक बाहेर आला. रोह्याचाच, शिक्षकाचा मुलगा, नव्याने लागलेला इंजिनीअर. “ताई, लाईन आम्ही इथून बघितली. काही प्रॉब्लेम दिसत नाही.”

“इथून? रोह्यातून माझ्या काशीकाकीचा अंगठा दिसतो तुला?” ती खुर्ची ओढून त्याच्या टेबलासमोर बसली. “ग्रामसभेच्या सकाळी ये. अख्खा गाव हजर असंल, केंद्र भरलेलं असंल. तवा तपास. नायतर मी इथनं उठत नाय. डबा आणलाय बरोबर.”

तिने खरंच जेवणाचा डबा टेबलावर ठेवला. शौनक हसला, मग हसू दाबलं. “तुमच्या राउटरची सेटिंग एकदा—”

“माझ्याकडचं सगळं बरोबर हाय. तू तुझं बघ.”

ग्रामसभेच्या दिवशी पंचायतीच्या अंगणात सतरंज्या पडल्या. शौनक मोटरसायकलवरून आला, ऑफिसात डब्याला लॅपटॉप जोडून बसला. भाविकाने शेजारी केंद्र उघडलं, दोन्ही कॉम्प्युटर लावले आणि बायकांना रांगेत घेतलं. थोड्याच वेळात चक्र फिरायला लागलं. तिला पहिल्यांदाच त्या चक्राचा आनंद झाला. “बघ! आता बघ! आता सांग ओके!”

शौनक लॅपटॉप हातात घेऊनच अंगणात आला. “दिसतंय,” तो म्हणाला. “आमचा पोर्ट ऑटोवर आहे. तरी तो हाफवर उतरलाय आणि धडका मोजतोय, आकडा धावतोय नुसता. ताई, तुमची बाजू फुलवर फिक्स केलीय का?”

“व्हय. मीच ठोकलीय. मंग?”

“मग तेच. तुमचा पोर्ट ठोकलेला, म्हणून तो आमच्याशी बोलून काही ठरवतच नाही. समोरून उत्तर आलं नाही की आमच्या पोर्टने हाफ धरायचं, असा नियमच आहे. डुप्लेक्स मिसमॅच. तुमचा ट्रान्समिट आणि आमचा—”

“काय बोलतोय ह्यो?” काशीबाईंनी सगळ्या सभेच्या वतीने विचारलं. “मराठीत सांग की कोनी.”

सांगायला उभी राहिली भाविका. रागातच राहिली, शौनकचं म्हणणं खोडून काढायला. “मिठागराचा बांध घ्या,” तिने सुरुवात केली. “डोक्याव टोपली घेऊन दोन माणसं बांधाव समोरासमोर आली तर जातील का? नाय. म्हणून आपली रीत काय? बांधाव पाय ठेवायच्या आधी हाळी द्यायची. पलीकडनं आवाज आला तर थांबायचं, तो उतरला की आपण निघायचं. ह्यो झाला हाफ. आणि बांधाऐवजी रुंद रस्ता असंल तर हाळी कशाला? जाणारा जातो, येणारा येतो. ह्यो फुल.”

“बरं,” काशीबाई म्हणाल्या.

“आता ह्याचा डबा समजतो की मधे बांध हाय. तो बिचारा हाळी देतो, कान लावतो, कोणी नाय बघून निघतो. आणि माझा राउटर समजतो की रस्ता हाय. तो हाळी देत नाय, कुणाची ऐकत नाय, टोपली घेऊन सरळ—”

बोलता बोलता ती थांबली. सगळे पुढचं ऐकायला थांबले होते, आणि पुढचं काय आहे ते तिला आता पुरतं दिसलं होतं. एकटदुकट माणूस बांधावर असला तर धडक होत नाही, म्हणून सकाळी लाईन चालते. दोन्हीकडून गर्दी झाली की टोपल्या खाली. जुना डबा तिने ठोकलेला होता, तो गेला. नवा ऑटोवर आला. तिने बघितलंच नव्हतं.

“सरळ काय गो?” कुणीतरी विचारलं.

तिने हिरामणकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. गप्प बसली असती तर चाललं असतं. शौनकचं बोलणं कुणालाच कळलं नव्हतं.

“सरळ घुसतो,” ती म्हणाली. “हाळी न देता घुसणारा डबा माझा हाय. मी ठोकलेला. चूक माझी.”

गुणाजींनी मांडीवर थाप मारली. “ऐकलं ना सगळ्यांनी? तिच्याच तोंडानं! ग्रामसेवक, घ्या ठराव मंजूर.”

“थांबा, भाऊ!” भाविकाचा आवाज पंचायतीच्या पत्र्यावर आपटून खाली आला. “चूक माझी, मंग शिक्षा मला द्या. खुर्ची काढून घ्या, दुसऱ्या कुणाला बसवा, मी त्याला शिकवीन. पण केंद्राला कसली शिक्षा? काशीकाकीला कसली? तुमचा ठराव सांगतो गावाला भार सोसत नाय. खोटं हाय ते! गावाला भार सोसतो, मी सोसू दिला नाय. आणि मी ठोकलं कशापायी? ये रे शौनक, त्या पागोळीखाली ये. काढ ते टोक.”

शौनकने वायरीचं टोक उपसलं. सोनेरी पट्ट्यांच्या जागी हिरवी बुरशी धरल्यासारखं तांबं होतं. त्याने ते वर धरून सभेला दाखवलं.

“आता मी ऑटो केलं तर ही वायर ऑटोवर टिकंल?”

“नाही टिकणार,” तो म्हणाला. “वायर बदलायला पाहिजे. तशी रोह्याहून परवानगी…”

“परवानगी तू घेत बस. वायरीचं बंडल माझ्या कपाटात हाय. तू टोकं कर, मी ओढते.”

“सभा उद्यापर्यंत तहकूब,” गुणाजी उठत म्हणाले.

कुणी उठलंच नाही. काशीबाईंनी सतरंजीवर पाय लांब केले आणि पानाची चंची उघडली. “तू जा, गुणाजी. आमी बसलोय.” सरपंच उभे राहिले, इकडेतिकडे बघितलं आणि पुन्हा बसले.

हिरामणने शिडी आणली. शिडीवर भाविका चढली. खाली शिडी बापाने धरली आणि शौनक ओट्यावर बसून नव्या वायरीला कनेक्टर दाबत राहिला. एक टोक वाकडं बसलं तेव्हा ती वरूनच ओरडली, “हे काय शिकवलं कॉलेजात?” त्याने ते कापून पुन्हा केलं आणि म्हणाला, “कॉलेजात हे शिकवत नाहीत. पण पोर्ट ठोकून विसरू नये, एवढं शिकवतात.” बायका खदखदून हसल्या. भाविकाला झोंबलं, पण तिनं ते गिळलं.

वायर बसली. तिने आपल्या राउटरचा पासवर्ड घातला, फुलवरचा ठोका काढला, ऑटो केलं. ऑफिसातून शौनकने हाक दिली, “आलं! दोन्हीकडे फुल. धडका थांबल्या.”

“तुझ्या आकड्याव माझा विश्वास नाय,” ती म्हणाली. “या गो सगल्या आत. एकदम या.”

आल्या. खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. एकीकडे सातबारा, एकीकडे दाखला, मधे अंगठ्याचं मशीन. शिवाय शौनकला तिने मोबाईलवर त्याच लाईनवरून व्हिडिओही लावायला सांगितला, लाईनचा जीव जातो का बघायला. काशीबाईंनी अंगठा ठेवला. चक्र अर्धवट फिरलं आणि पावती खरखरत बाहेर आली. मग दुसरीची. मग तिसरीची. दाखल्यावर नाव उमटलं, सातबारा छापला गेला, व्हिडिओतला माणूस न अडखळता बडबडत राहिला.

अंगणात येऊन गुणाजींनी घसा साफ केला. “बरं. ठराव मागे घेतो.”

“मागे नाय,” भाविका दारातून म्हणाली. “मागे घेतलेला ठराव पुढच्या सभेला परत येतो, मला ठाव हाय. मतदान घ्या. नामंजूर लिहा.”

“अगं, आता इतकं काय ताणतेस?”

“हात वर करा!” काशीबाईच ओरडल्या. हात वर गेले. केंद्राच्या दारात दाटलेल्या बायकांचेही गेले, कुणाच्या हातात पावती, कुणाच्या हातात दाखला.

ग्रामसेवकाने लिहायला घेतलं आणि मान वर करून जरा चाचरत विचारलं, “ते तुमच्या चुकीचं… लिहू की राहू दे?”

“लिहा,” भाविका म्हणाली. “पहिलं तेच लिहा. त्याच्याखाली लिहा, वायर कंपनीनं बदलली नाय, गावानं बदलली. आणि त्याच्याखाली, मोठ्या अक्षरात, केंद्र इथंच.”