तानबाची उलटी बॅटरी

देवळीत तानबाचा हात न लागलेली जुनी गाडी सापडणं कठीण. उभा जन्म त्याने गाड्यांच्या वायरी जोडण्यात घालवला. फ्यूज उडाला की तिथे तार गुंडाळणाऱ्यांवर त्याचा भारी राग. "फ्यूज स्वतः जळून गाडी वाचवते, अन् तुमी त्याच्यावरच तार लावता?" असं म्हणून तो गिऱ्हाइकालाच झापायचा. आता दुकान बंद करून तो शेती पाहायचा, पण ऐट तीच.

आज त्याची लेक मयुरी बाळंतपण आटोपून, तान्ह्या लेकाला घेऊन अल्लीपूरला सासरी निघाली होती. जावई प्रफुल घ्यायला येतो म्हणाला, तर तानबाने त्याला फोनवरच अडवलं. "नातवाले मीच आणून घालतो." बाळ झाल्यापासून त्याचं हेच एक पालुपद होतं.

मयुरीची आई सुमित्राबाईने लेकीची ओटी भरली, नातवाला तीट लावली आणि सगळे दारातल्या व्हॅनपाशी आले. या व्हॅनची बॅटरी एरवी शेतात असायची. रानडुकरं हरभऱ्यात शिरू नयेत म्हणून कुंपणाचं झटका मशीन तिच्यावर चालायचं, आणि कुठे जायचं असलं की तीच काढून गाडीत. हा उद्योग तानबाच्या हातात इतका बसलेला, की कुणी तिकडे बघतही नसे. आज मात्र दुसरी वायर टेकवताच चर्र करून ठिणगी उडाली. चावी फिरवली, तर गाडी ढिम्म. हॉर्न नाही, दिवा नाही.

"बॅटरी उतरली असन," तानबा जरा घाईनेच म्हणाला.

मयुरी त्याच्या दुकानातच लहानाची मोठी झालेली. बाळ आईकडे देऊन तिने वाकून पाहिलं. लाल वायर मायनसला लागली होती.

"बाबा, उलटी जोडली तुमी."

"कुठं?" तानबा डोळे बारीक करून पाहू लागला. पाहत होता तो भलतीकडेच.

मयुरीला एकदम आठवलं. बाबा बाळाच्या तोंडाशी अगदी तोंड नेऊन बघत, आणि घरातले सगळे म्हणत, काय लाड आहेत आजोबांचे! अशी कशी आपण आंधळी, असं तिला वाटलं.

तिने वायरी सरळ केल्या. तरी गाडीत जीव नव्हता. मग वीज कुठवर पोचते ते पाहायला तिने बापाचा टेस्ट लॅम्प काढला. मेन फ्यूजच्या बॅटरीकडच्या टोकाला दिवा लागला, पलीकडच्या टोकाला लागेना. फ्यूजची काच आतून काळी पडली होती. आधी मायनसची वायर सोडवून तिने जळका फ्यूज काढला आणि दुकानाच्या जुन्या डब्यातला तेवढ्याच ताकदीचा नवा बसवून वायर पुन्हा जोडली. चावी फिरवताच व्हॅन खोकली, सुरू झाली. चार्जिंगचा लाल दिवाही विझला, म्हणजे बाकी सगळं शाबूत होतं.

"दे चावी," तानबा हात पुढे करून म्हणाला.

चावीवरचा हात मयुरीने काढला नाही. "मीच चालवतो. दिसत नाई तुमाले. काऊन नाई सांगतलं जी?"

तानबाचा हात तसाच राहिला. "सांगतलं असतं तर गाडी चालवू दिली असती काय? अन् मले पोराले न्यायचं होतं वं, मयुरी."

तिचं रागवायचंही राहून गेलं. "अन् रस्त्यात काही झालं असतं तर?" एवढंच ती म्हणाली. तानबाने मान खाली घातली आणि जळका फ्यूज उचलून खिशात टाकला.

मयुरीने मागचं दार उघडलं, त्याला बसवलं आणि आईकडून बाळ घेऊन त्याच्या मांडीवर दिलं. "धरा नीट. अन् उद्याच डोळे दाखवाले जायचं. मायबी येईन संग."

अल्लीपूरला प्रफुल फाटकातच उभा होता. बायकोला स्टेअरिंगवर पाहून तो चकितच झाला. "काऊन? बाबा आणणार होते ना पोराले?"

मयुरीने मागे वळून पाहिलं. तानबा बाळाला छातीशी धरून, पायाने जमीन चाचपत सावकाश उतरत होता.

"आणलं ना," ती म्हणाली. "बाबानंच आणलं."