आपांनी बांधलेला कम्पायलर

काहीही अडलं की आपा आधी चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "हे चालणार कुठं आहे?"

मग तो प्रोग्रॅम असो, नवीन वायर असो, की ऑफिससाठी कुणी आणलेला टेबलफॅन. "चालणार कुठं ते सांगा, कसं चालेल ते मग बघू." आम्ही हसायचो. तुम्हीही हसला असता.

सोमाटण्यात जुन्या हायवेला लागून टायरच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या. तिथं आम्ही नवजात बाळांना ऊब देणारी यंत्रं बनवायचो. खाली उघडी गादी, वर हीटर, आणि बाजूला एक छोटी चिप. बाळाच्या अंगाचं तापमान बघून हीटर चालू-बंद करायचं काम त्या चिपचं. मी बोर्डांवर सोल्डरिंग करायचो, आपा चिपमध्ये जाणारा प्रोग्रॅम सांभाळायच्या. तिकोणा पेठेहून स्कूटीवर यायच्या, ओढणी हेल्मेटखाली घट्ट खोचलेली. नावानं हाक कुणी मारत नसे. वयानं मोठ्या असलेल्या मालकांच्याही त्या आपाच.

पहिलं यंत्र दवाखान्यात जायला थोडे दिवस उरले होते. गादीवर पाण्याची पिशवी ठेवून चाचणी चालली होती. तापमान मोजणारी वायर बाळाच्या हालचालीनं निघाली तर काय होतं, हे बघायला मी ती ओढून काढली. यंत्रानं बिघाड दाखवला, भोंगा वाजला, सगळं बरोबर. हीटर मात्र बंद झाला नाही. काही वेळानं पिशवीला हात लावला तर चटका बसला.

पिशवीच्या जागी बाळ असणार होतं.

मालक वाईट माणूस नव्हते, घाईत होते. "आपा, ही जागा दुरुस्त करा आणि पाठवून देऊ. दवाखाना वाट बघतोय."

"सर, ही एक सापडली. बाकीच्या?"

"बाकीच्या आहेत कशावरून?"

"नाहीत कशावरून?"

प्रोग्रॅम आधी सोडून गेलेल्या लोकांनी लिहिलेला, अवाढव्य. हीटर चालू झाल्यावर त्यातून बाहेर पडायच्या असंख्य वाटा, आणि त्यातल्या कुठल्याही वाटेवर हीटर बंद करायचं राहून गेलेलं असू शकत होतं. मालक म्हणाले, "मग बसून वाचून काढा."

"वाचेन. पण माझे डोळे थकतात सर. आणि बाळ काही सांगू शकत नाही, मला गरम होतंय म्हणून. जो थकत नाही त्यालाच वाचायला लावते."

मालकांनी दवाखान्याला फोन लावला. यंत्र पाठवणं थांबलं.

जो थकत नाही तो म्हणजे कम्पायलर. आपण लिहिलेलं चिपच्या भाषेत उतरवून देणारा दुभाषी. आमचा होता क्रॉस-कम्पायलर, म्हणजे स्वतः राहायचा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, पण भाषांतर करायचा भलत्याच जातीच्या चिपसाठी. प्रत्येक ओळ त्याच्या हाताखालून जायचीच. आपांना त्याला एक जोड बसवायची होती. तिला प्लगिन म्हणतात. त्याला सांगायचं होतं: हीटर कुठं चालू केलेला दिसला, तर तिथून बाहेर पडायच्या प्रत्येक वाटेवर तो बंद होतोय का बघ. एकाही वाटेवर राहिला, तर भाषांतरच करू नकोस.

माझ्या लेखी कम्पायलर म्हणजे एक बटण. बटणाच्या आत शिरून त्याला चार शब्द सुनावता येतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

सुरुवातीला नुसती निराशा. पहिला प्लगिन आपांनी सवयीनं क्रॉस-कम्पायलरनंच तयार केला. तो तयार झाला चिपच्या भाषेत, आणि कॉम्प्युटरवर बसलेला कम्पायलर त्याला ओळखच देईना. आपांनी चष्मा वर सरकवला आणि स्वतःलाच हसल्या. "सगळ्या जगाला विचारते कुठं चालणार म्हणून! अहो, हा राहणार कम्पायलरच्या घरात. चिपवर तो कधी जाणारच नाही."

मग त्यांनी तो कॉम्प्युटरच्या नेहमीच्या कम्पायलरनं तयार केला. तरी जोडला जाईना. आमच्याकडच्या तयार क्रॉस-कम्पायलरमध्ये प्लगिनला दारच ठेवलेलं नव्हतं.

"आता?" मी विचारलं.

"आता आपला क्रॉस-कम्पायलर आपण बांधायचा. दारासकट." चहा टाकते म्हणावं, तसं म्हणाल्या.

तो बांधायला आमच्या जुन्या कॉम्प्युटरला अख्खा दिवस लागायचा, आणि दुसरा दिवस गुरुवारचा होता; गुरुवारी सोमाटण्यात लाईट जायची. म्हणून कॉम्प्युटर रिक्षात घालून आम्ही तिकोणा पेठेला गेलो. तिकोणा गड चढायला येणाऱ्यांसाठी आपांच्या वडिलांचं ताक-सरबताचं दुकान होतं. काउंटरवर कॉम्प्युटर मांडला. पडद्यावर ओळी धावू लागल्या. दुपारी तिथलीही लाईट गेली. इन्व्हर्टरवर फ्रीज आणि कॉम्प्युटर दोन्ही चालू. इन्व्हर्टर रडू लागला.

"मगाधरनं काय चाललंय ह्ये?" अब्बांनी विचारलं.

"कम्पायलर बांधतीया, अब्बा." ऑफिसातली आपांची भाषा दुकानाच्या पायरीवरच राहिली होती.

"बांधतीयास? कुटं? मला तर काय दिसंना."

"ल्हान बाळांच्या मशीनसाठी हाय. मधीच बंद पडलं तर परत पयल्यापासनं करायला लागंल."

अब्बा काउंटरच्या मागं गेले. मग वाकून त्यांनी फ्रीजची पिन उपसली. "दूध तापवून ठिवू. कुल्फ्या ह्या पावण्याला दे."

मी तीन खाल्ल्या. चौथी वितळली.

दिवेलागणीला कम्पायलर बांधून झाला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आपांनी त्याच्या मापाचा प्लगिन नव्यानं तयार केला, आणि या वेळी तो मुकाट्यानं जोडला गेला. त्यांनी आमचा तो अवाढव्य प्रोग्रॅम त्याच्यापुढं टाकला.

कम्पायलर अडला. एका जागी नव्हे, बऱ्याच जागी. फाइल कुठली, ओळ कुठली, कुठल्या वाटेनं हीटर चालू राहतो, सगळं इंग्रजीत कोरडेपणानं मांडलेलं. गडाच्या माथ्यावर पोचल्यावर धरणाचं पाणी एकदम पुढ्यात येतं, तसं मला झालं. इतके दिवस आम्ही ज्याच्या पायथ्याशी चाचपडत होतो, ते सगळं लख्ख दिसत होतं. आणि बघणारी नजर एका माणसानं घडवली होती, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून.

त्यातली एक जागा आपांनी स्वतः लिहिलेली निघाली. त्या पुढं झुकल्या, वाचलं, आणि चेहरा उजळला. "बघा, ह्याला माझीसुद्धा भीड नाही!" स्वतःची चूक इतक्या आनंदानं बघणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

यंत्र दवाखान्यात बसवलं, तेव्हा आपांनी बाही वर करून आधी स्वतःचा हात हीटरखाली धरला आणि मला वायर काढायला लावली. हीटर विझला. पुन्हा काढायला लावली. पुन्हा विझला. दाराशी एक म्हातारी नातवासाठी ताटकळली होती. "तुमी डाक्टरीन का वो?"

"न्हाई मावशी. मी आतलं लिवते."

म्हातारीला काही कळलं नसावं. तिनं आपांच्या तापलेल्या हातावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ऊब चांगली हाय."

पुढं आपांना बेंगळुरूला रेल्वेच्या सिग्नलांचं काम मिळालं. आईवडिलांना घेऊन गेल्या. तिकोणा पेठेतलं दुकान आता दुसरं कुणी चालवतं. सुरुवातीला फोन व्हायचे, मग सणासुदीला, मग तेही राहिलं.

आता थोडाफार प्रोग्रॅम मीही लिहितो. भाषांतर आपांच्याच कम्पायलरनं होतं. त्यांनी जाण्याआधी सगळं इतकं नीट करून ठेवलं होतं, की त्या गेल्यावर तो कधी अडलाच नव्हता. परवा नव्या यंत्राचं काम करताना माझ्याकडून एक वाट उघडी राहिली आणि तो थांबला. पूर्वीच्या कोरड्या इंग्रजी ओळी मी शोधत होतो. त्या नव्हत्या. जाण्याआधी कधीतरी आपांनी त्या बदलल्या असणार, कुणाला न सांगता. पडद्यावर देवनागरीत, तिकोणा पेठेच्या बोलीत, एवढंच लिहिलेलं होतं:

"थांब जरा. बाळ हाय आत."

मी की-बोर्डवरचे हात काढून घेतले.