देवाची घंटी कमेटीत

आमच्या घरात देवाला घंटी नव्हती. म्हणजे होती, पण ती बाबांनी कमेटीत नेली होती. आई रोज पूजेला टाळी वाजवायची आणि बाबांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "देवाले मुकं करून ठेवलं या मानसानं." बाबा चहा पीत बसलेले असायचे. ऐकून न ऐकल्यासारखं करण्यात त्यांचा हात धरणारा गावात दुसरा कोणी नव्हता.

आर्वीच्या बाजूचं आमचं गाव. कापसाचा बाजार, सरकी काढायच्या दोन जिनिंग गिरण्या आणि एक म्युनिसिपल कमेटी. एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत कमेटीत दोन तट पडले आणि कोणाचाच अध्यक्ष होईना. बाबा हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, म्हणून त्यांना धरून खुर्चीत बसवलं. खुर्चीसोबतची घंटी कोणीतरी कधीच लंपास केली होती. मेंबर भांडायला लागले की टेबल बडवून बाबांचा हात सुजायचा. शेवटी त्यांनी देवघरातली पितळी घंटी उचलून कोटाच्या खिशात घातली. तिचा मात्र उपयोग झाला. ती वाजली की भांडणारे सवयीनं गप्प व्हायचे, एकदोघांचे तर हातही जोडले जायचे.

बाबांनी ते काम फारच मनावर घेतलं होतं. दिल्लीच्या लोकसभेत अध्यक्ष कसे वागतात, ते पेपरात शोधून वाचायचे. म्हणायचे, "ज्याची पाळी त्याले बोलू द्याचं. आपलं मत घरी खुंटीले टांगून यायचं." घरातही तेच. माझे भाऊ भांडले की दोघांना समोर उभं करायचे. "आधी हा बोलंल. तू मधात बोलायचं नाई." मला तेव्हा हसू यायचं.

मी आठवीत होते आणि कमेटीची मुलींची शाळा आठवीपर्यंतच होती. पुढं मुलांचं हायस्कूल होतं, पण आमच्या घरात शब्द चालायचा मोठ्या बाबांचा, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचा. त्यांनी एकदाचं सांगून टाकलं, "पोरायच्या वर्गात आपली पोरगी बसणार नाई. पोरींची नववी निघाली तं शिकू दे. नाई तं समुद्रपूरचं स्थळ आलं हाये, त्यायले हो म्हणून टाकू." बाबांनी मान हलवली. कमेटीत वीस मेंबरांना गप्प करणारा माणूस थोरल्या भावापुढं स्वतःच गप्प असायचा. मला शिकायचं होतं, मास्तरीण व्हायचं होतं. ते सगळं आता एका वर्गावर येऊन ठेपलं.

गावातले डॉक्टर मेंबर होते, त्यांनी कमेटीत मुलींच्या नववीचा ठराव आणला. कापसाच्या अडत्यांचा तट विरोधात. त्यांना त्याच पैशात बाजारात शेड हवी होती. सभेच्या दिवशी मी दोन मैत्रिणींना घेऊन प्रेक्षकांच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. बाबांनी पाहिलं, पण ओळख दाखवली नाही.

सुरुवातीलाच एक अडते उठून म्हणाले, "अध्यक्षायची पोरगी आठवीत हाये, हे सभेनं ध्यानात ठेवावं." झालं. तिथून बाबा जे उलट्या बाजूला झुकले ते झुकलेच. डॉक्टरांची वेळ संपली तशी घंटी वाजवून त्यांना बसवलं. अडते मात्र बोलताहेत, बोलताहेत, आणि बाबा म्हणताहेत, "त्यायचं पुरं होऊ द्या." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. शेवटी अडते म्हणाले, "शिकून काय कलेक्टर होनार हायेत का? उद्या भाकरीच थापाच्या हायेत." मला राहवलं नाही. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "आमाले बी विचारा ना कोणी."

घंटी वाजली. आमच्या देवघरातली, जिच्या आवाजानं मी लहानपणी प्रसादाला धावत यायची, ती.

"प्रेक्षकांनी शांत राहावं," बाबा म्हणाले. "नाहीतर बाहेर जावं." घरची बोली नाही, शुद्ध पुस्तकी भाषा. अनोळखी माणसाशी बोलावं तशी. मी खाली बसले.

हात वर झाले. दोन्हीकडे सारखे. अशा वेळी अध्यक्षाला एक जादा मत असतं, हे मला बाबांनीच शिकवलेलं होतं. मला वाटलं, सुटले. मैत्रिणीनं माझा हात घट्ट धरला. बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "अध्यक्षाचं मत आहे त्या व्यवस्थेच्या बाजूनं पडतं, असा रिवाज आहे. सभेनं बहुमतानं जे केलं नाही, ते मी एकट्यानं करू नये. ठराव नामंजूर." आवाज जराही हलला नाही. घंटी त्यांनी रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात घातली.

घरी येताना ते पुढं, मी मागं.

"बाबा, काऊन केलं असं?"

"खुर्ची माही नाई, बाई. मी आपल्या पोरीसाठी हात वर केला, तं उद्या कोणीबी आपल्या घरासाठी करंल."

"मंग माह्यासाठी कोण करंल?"

मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही हेही कळत होतं. ते वाईट असते तर बरं झालं असतं. निदान मनसोक्त शिव्या तरी दिल्या असत्या.

मोठ्या बाबांनी होकार कळवला. उन्हाळ्याआधी मी समुद्रपूरला नांदायला गेले, जिल्ह्याच्या या टोकाहून त्या टोकाला.

पुढच्या वर्षी बाबा आले. पुलगावपर्यंत अरुंद रुळांची छोटी गाडी, मग मोठी आगगाडी, मग मोटार. अंगावर धूळच धूळ. ओसरीवर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "नववी निघाली. ठराव सगळ्यायनं मंजूर केला. त्या अडत्याची नात आठवीत आली ना." मी रिकामा तांब्या उचलला. "मी खुर्ची सोडली. घंटी देवघरात ठेवून आलो."

मग ते म्हणाले, "त्या दिवशी तुले काई बोलायचं होतं. बोल आता. मी मधात बोलत नाई." आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, खुर्चीत बसायचे तसे ताठ बसले.

वर्षभर मी मनातल्या मनात किती बोलले होते त्यांच्याशी. भांडी घासताना, पाणी भरताना. सगळं तोंडपाठ होतं. आता पाळी आली, तर एक शब्द फुटेना.

"भाकर करपून राह्यली व," सासूबाईंनी आतून हाक मारली.

मी आत गेले, भाकरी उलटली, दुसरी थापली, तीही भाजली. बाहेर आले तर बाबा तसेच बसलेले, हात गुडघ्यांवर, वाट पाहत.

"चहा घेता?" मी विचारलं.

"घेतो," ते म्हणाले.